मागची कड

लेम्युएल प्रॅटरने आयुष्याची चौतीस वर्षं लोकांच्या अंगणातले पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली, आणि तेवढ्या काळात माणसांबद्दल त्याला जे कळलं ते काही फारसं चांगलं नव्हतं. मीटरला चुंबक चिकटवणारा पाद्री त्याने पाहिला होता. तीन वर्षं बंद असलेल्या घरातल्या नळाला महिन्याला चार हजार गॅलन पाणी लागतं, हेही त्याने पाहिलं होतं. शेजारच्या माणसाने ते पाणी आपल्या माशांच्या तळ्यात वळवलं होतं, आणि पकडल्यावर तोच लेमवर चिडला होता. अलाबामाच्या दक्षिण टोकाच्या बेल्फोर्डमध्ये लेम कुणाच्या फाटकाशी थांबला, की आतली माणसं उगाचच आपण काय काय केलंय ते आठवू लागत.

निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. उकडलेल्या शेंगांचा पुडा घेतला की तळाशी कागद कोंबलाय का, हे तो बोट घालून बघायचा. त्याची बायको अर्नेस्टीन म्हणायची, "तू स्वर्गात गेलास ना लेम, तर दारावरच्या संताकडे आधी ओळखपत्र मागशील." तो म्हणायचा, "मागायला काय हरकत आहे? खरा असेल तर दाखवेल."

या माणसाला जगात एकाच गोष्टीचा भरवसा होता. ती म्हणजे दहा यार्डांची एक साखळी.

दरवर्षी नाताळानंतर तीन दिवसांनी बेल्फोर्डच्या मैदानावर मेहॉ बाउल हा फुटबॉलचा सामना होतो. मेहॉ म्हणजे आमच्याकडच्या दलदलीत होणारं एक आंबट, चिमुकलं फळ. नुसतं खाल्लं तर तोंड वाकडं होतं, जेली केली तर बरं लागतं. सामनाही साधारण तसाच. ज्यांचा हंगाम ना धड चांगला गेला ना धड वाईट, असे दोन विद्यापीठांचे संघ दूरच्या राज्यांतून येतात, आपापली बँडपथकं आणतात, आणि जिंकणाऱ्या प्रत्येक पोराला समितीतर्फे जेलीची बरणी मिळते. बाहेरच्यांना हसू येतं. आम्हाला येत नाही.

आमच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, नाहीतर तो समोरच्यांना द्यावा लागतो. दहा यार्ड झाले की नाही हे शंका आली तर साखळीने मोजतात. ती दोन दांड्यांना बांधलेली असते आणि मैदानाच्या कडेने गावातलीच चार माणसं ती वागवतात. आता कडेची साखळी मोजायला मधोमध न्यायची तर जागा चुकणार नाही का? म्हणून एक चिमटा असतो. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेषा आखलेली असते. साखळी त्या रेषेला जिथे ओलांडते, तिथे तिला चिमटा लावायचा, आणि मधे नेऊन तो त्याच रेषेवर टेकवायचा. पण रेषा चार इंच रुंद. म्हणून नियम असा की चिमटा नेहमी रेषेच्या मागच्या कडेला. मागची म्हणजे चेंडू असलेला संघ जिकडून येतोय तिकडची. चेंडू दुसऱ्यांकडे गेला की दिशा उलटते आणि मागची कडही उलटते. या कामातलं सगळं शहाणपण त्या चार इंचांत आहे.

बावीस वर्षं चिमटा होता क्लीव्हलँड बोझमनकडे. क्लीव्ह शाळेची बस चालवायचा, चर्चमध्ये डीकन म्हणजे पाद्रीचा मदतनीस होता, आणि लेमचा मित्र होता. लेमला मित्र एवढा एकच. लेमकडे आकड्याचा दांडा असायचा, म्हणजे कितवा प्रयत्न चालू आहे तो आकडा वर दाखवायचा आणि खाली चेंडूच्या रेषेत उभा राहायचा. साखळीची दोन टोकं स्टॉलवर्थ नावाचे दोन भाऊ धरत. ते दोघे बोलत नसत. सामन्यानंतरचं डुकराच्या भाजलेल्या बरगड्यांचं जेवण कधी येतं, याकडे त्यांचं लक्ष असे.

यंदा बाउलला आले प्लॅट स्टेट आणि हार्लन टेक. हार्लन टेकमध्ये चेंडू घेऊन पळणारा चौतीस नंबरचा खेळाडू होता जमारी बोझमन, क्लीव्हचा नातू.

लेम आठवडाभर वाट बघत होता, की क्लीव्ह आज म्हणेल, उद्या म्हणेल, "यंदा मी साखळीवर नको." क्लीव्ह काही बोलला नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी दोघे क्लीव्हच्या गाडीतून मैदानाकडे निघाले. पाण्याच्या टाकीपाशी वळताना क्लीव्ह सहज बोलल्यासारखं बोलला.

"लेम, आज चिमटा तू घे. आकड्याचा दांडा मला दे."

"का?"

"असंच. गुडघे दुखतात. वाकून वाकून."

"बावीस वर्षं नाही दुखले."

"बावीस वर्षांपूर्वी ते बावीस वर्षांनी तरुण होते, बाबा."

लेमच्या मनात पाल चुकचुकली. गुडघे दुखणारा हा माणूस परवा चर्चच्या छपरावर चढून पानं काढत होता. मग आकड्याचा दांडा कशाला हवा? लेमला तो दांडा चांगलाच माहीत होता. फेकलेला चेंडू कुणी न झेलता जमिनीवर पडला, प्रयत्न वाया गेला, की चेंडू पुन्हा होता तिथे ठेवतात, आणि तो कुठे होता हे बघायला पंच आकड्याच्या दांड्याकडे नजर टाकतो. दांडा पायाने वीतभर सरकवला, तर कुणाच्या बापाला कळणार नाही. शिवाय तो माणूस हार्लन टेकच्या बाकांसमोर उभा राहतो. सगळं जुळत होतं. फारच नीट जुळत होतं, आणि लेमला मीटरपेट्यांच्या अनुभवावरून वाटायचं, की इतकं नीट जुळतं तिथे नक्की पाणी मुरतंय.

मैदानावर पोचल्यावर तो साखळीवाल्यांची नारिंगी बंडी घ्यायच्या निमित्ताने समितीच्या हॅडॉककडे गेला. हॅडॉक शेंगा सोलायची यंत्रं विकायचा आणि वर्षातून एक दिवस स्वतःला सेनापती समजायचा. प्लॅट स्टेटच्या बँडची एक बस वाट चुकली होती, त्यामुळे तो फोनवर ओरडत होता.

"हॅडॉकसाहेब, एक सांगायचं होतं. क्लीव्हच्या दांड्यावर जरा नजर ठेवा."

"बोझमनच्या? का?"

"त्याचा नातू खेळतोय."

"ते माहीत आहे मला. काही पाहिलंयस का तू?"

"अजून नाही."

"मग पाहिलंस की सांग," हॅडॉक म्हणाला आणि पुन्हा फोनवर ओरडू लागला.

लेमला बाहेर येताना हलकं वाटलं. दहा पावलांवर क्लीव्ह त्याच्यासाठी शेंगांचा गरम पुडा घेऊन उभा होता, तेव्हा तेवढं हलकं वाटेना. त्याने पुडा घेतला, आणि तळाशी बोट घालून पाहिलं.

एक वाजता सामना सुरू झाला आणि लेमची नोकरीही. चिमटा लावणं हे त्याने जोडकाम मानलं. खरं काम होतं क्लीव्हच्या दांड्याचा पाय सांभाळणं. दर प्रयत्नाआधी तो दांडा टेकला त्या जागी गवताची कुठली काडी आहे ते ध्यानात ठेवायचा आणि नंतर ती काडी शोधायचा. मध्यांतरापर्यंत दांडा अंगठाभरही हलला नव्हता. दुसऱ्या एखाद्याला याने समाधान वाटलं असतं. लेमला वाटलं, शेवटासाठी राखून ठेवलंय.

नातू पळाला की क्लीव्ह ओरडतही नव्हता. साखळीवाल्यांनी ओरडायचं नसतं, हे खरं; पण नऊ यार्ड, बारा यार्ड पोरगं पळतंय आणि आजोबा ओठ आवळून उभा. लेमला ते ओठ बघवेनात. इतका आव कोण आणतं?

"तुझा पोरगा बरा पळतो," तो एकदा टोचून म्हणाला.

"आज तो माझा नाही," क्लीव्ह म्हणाला. "आज चौतीस नंबर."

चौथ्या भागात प्लॅट स्टेट तीन गुणांनी पुढे होतं आणि त्यांनी चेंडू धरूनच ठेवला. सात मिनिटं ते पाण्याच्या टाकीच्या टोकाकडून समोरच्या गुणफलकाच्या दिशेने सरकत राहिले, पाच यार्ड, सहा यार्ड, कंटाळवाणं. लेम सहा वेळा वाकला आणि सहा वेळा चिमटा रेषेच्या टाकीकडच्या कडेला लावला, कारण ते टाकीकडून येत होते. हाताला ती बाजू बसली. मग त्यांच्या एका पोराच्या हातून चेंडू निसटला, हार्लन टेकने झडप घातली, आणि पन्नास हजार पाय एकदम प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांवर आपटायला लागले. दोन मिनिटं उरली होती.

आता हार्लन टेक टाकीकडे निघालं. दोन झेपांत ते समोरच्यांच्या तेहतिसाव्या यार्डावर पोचले. साखळी नवी मांडली, लेमने तिसाच्या रेषेवर चिमटा लावला. वाकतानाही तो बघत होता क्लीव्हकडे, कारण त्याच क्षणी जमारी कडेला आला होता आणि आजोबांच्या इतका जवळ उभा होता की हात लांबवला तर लागावा. क्लीव्हने त्याच्याकडे पाहिलं नाही. लेमला वाटलं, आता. आता काहीतरी होणार. चिमट्याचा खट् असा आवाज आला आणि तो उभा राहिला.

तीन प्रयत्नांत नऊ यार्ड आणि वर थोडं झालं. चौथ्या प्रयत्नाला चेंडू जमारीकडे गेला, तो माणसांच्या ढिगात डोकं घालून शिरला, आणि पंचांनी एकेकाला उचलून बाजूला केलं तेव्हा चेंडू अशा जागी होता की कुणालाच काही सांगता येईना. मुख्य पंचाने साखळी मागवली.

कडेचा पंच धावत आला. "कुठली रेषा?"

"तिसाची," लेम म्हणाला. "मागची कड."

बावीस वर्षं हे वाक्य क्लीव्हच्या तोंडून ऐकलेलं, ते तसंच बाहेर पडलं. पंचाने चिमटा मुठीत धरला, स्टॉलवर्थ बंधू दांडे घेऊन मैदानात निघाले. मापाला आकड्याच्या दांड्याचं काम नसतं. क्लीव्ह कडेलाच राहिला, टोपी काढून, मैदानाकडे पाठ करून. लेमने तीही पाठ संशयाने पाहून घेतली.

पंचाने चिमटा रेषेच्या गुणफलकाकडच्या कडेवर टेकवला. पुढचा दांडा ताणला. चेंडूचं नाक दांड्याच्या पुढे होतं. दोन बोटं.

आवाजाने मैदान फुटलं. साखळी परत आली, पुन्हा मांडायची होती. लेम विसाच्या रेषेपाशी वाकला, हात टाकीकडच्या कडेकडे गेला आणि तिथेच थांबला. हार्लन टेक टाकीकडे चाललं होतं. मागची कड गुणफलकाकडची. मग आपला हात इकडे का आला? आणि मघाशी तिसाच्या रेषेवर तो कुठे गेला होता?

मघाशीही इकडेच गेला होता. लावला पुढच्या कडेला, सांगितली मागची. चार इंच साखळी मागे बसली. दोन बोटं पुढे दिसलेला चेंडू खरं तर मागे होता.

पंच चार पावलांवर होता. पुढचा डाव सुरू होण्याआधी हाक मारली तर ऐकतात. हाक मारायला एक श्वास पुरला असता. पण लेमने त्या श्वासात काय केलं? मान वळवून क्लीव्हकडे पाहिलं. यानेच हे कसं घडवून आणलं असेल, ते तो शोधायला लागला. यानेच चिमटा दिला. यानेच आपल्याला दिवसभर तिकडे बघायला लावलं. क्लीव्ह आपला दांडा सरळ करत होता, डोळे खाली. आणि लेमला कळलं की यात क्लीव्ह कुठेच नाही. तोवर चेंडू उचलला गेला होता, पुढचा डाव सुरू झाला होता.

पुढच्याच डावाला जमारी उजवीकडून, आजोबांच्या अगदी समोरून निघाला आणि तेवीस यार्ड एकटा पळाला. टचडाउन, चेंडू शेवटच्या रेषेपार. हार्लन टेक सामना जिंकलं.

अर्ध्या तासाने हॅडॉकने लेमला पायऱ्यांखालच्या खोलीत बोलावलं. खोलीत जेलीची रिकामी खोकी पडली होती. हॅडॉकचा चेहरा लालबुंद.

"प्लॅट स्टेटचा प्रशिक्षक माझ्या अंगावर धावून आला. टीव्हीवर दाखवलं म्हणे, साखळीवाला चौतीस नंबरच्या पोराचा आजोबा आहे. तू सकाळीच सांगत होतास, मीच ऐकलं नाही. आता सांग. बोझमनने काय केलं?"

"काही नाही केलं."

"लेम, घाबरू नकोस. त्याला मी काढतोच आहे. मला फक्त कारण हवंय."

लेमला क्षणभर मोह झाला. इतका सोपा रस्ता आयुष्यात त्याच्यासाठी कुणी करून ठेवला नव्हता. मग तो म्हणाला, "चिमटा माझ्याकडे होता. मी पुढच्या कडेला लावला. माप चुकलं ते माझ्यामुळे."

हॅडॉकने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती नजर लेमच्या चांगल्या ओळखीची होती. फाटकाशी उभा राहून तो स्वतः लोकांकडे असाच बघत आला होता.

"सकाळी म्हणतोस त्याच्यावर नजर ठेवा. आता म्हणतोस चूक माझी. मित्राला वाचवतोयस, की दोघं मिळून केलंत?"

"दोन्ही नाही. सकाळचा माझा संशय होता. आताचं खरं आहे."

"बावीस वर्षांत एकदा चिमटा चुकतो, आणि तो नेमका नातवाच्या बाजूने?"

लेमने स्वतःही यावर विश्वास ठेवला नसता.

"बंडी ठेव इथे," हॅडॉक म्हणाला. "त्याचीही घेऊन ये. सामना झाला तो झाला, निकाल बदलत नाही. बाहेर एक शब्द काढू नकोस. पण पुढच्या वर्षी तुम्ही दोघं मला कडेला दिसायचे नाहीत."

क्लीव्ह गाडीला टेकून उभा होता. दिवसभर आवळलेले ओठ आता सुटले होते, आणि म्हातारा असा हसत होता की बघणाऱ्यालाही हसू यावं. लेमने पुढे जाऊन त्याला सगळं सांगितलं. आधी चिमट्याचं सांगितलं, कारण ते सोपं होतं.

क्लीव्हचं हसू गेलं. "चार इंच," तो म्हणाला.

"चार."

"माझ्याही हातून एकदा झालं होतं. शाळेच्या सामन्यात. कुणाला कळलं नाही." मग त्याने लेमच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक आहे रे. माणसाच्या हातून होते."

लेमला तो हात सहन होईना. "अजून आहे," तो म्हणाला, आणि सकाळी हॅडॉकला काय सांगितलं तेही सांगितलं. क्लीव्हची बंडी गेली, हेही.

हात खांद्यावरून निघाला.

"दिवसभर मला वाटत होतं, हा माझ्या पायाकडे का बघतोय," क्लीव्ह म्हणाला. "म्हटलं, गुडघ्याची काळजी असेल."

"मग चिमटा का दिलास मला? खरं सांग."

"बाजूला व्हायला हवं होतं मी. कळत होतं. पण पोरगं इतक्या जवळून पळताना पुन्हा कधी दिसणार, असा लोभ सुटला. मग म्हटलं, निदान मापाला हात नको लावूया. माप आलंच, तर तुझ्या हातून होऊ दे. तुझं माप खोटं आहे असं या गावात कोण म्हणेल?"

लेमला रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

एवढ्यात जमारी आला, केस ओले, खांद्यावर पिशवी, हातात जेलीची बरणी. त्याने आजोबांना मिठी मारली आणि लेमसमोर अदबीने मान लववली.

"आजोबा, ते माप! माझा तर जीवच गेला होता. ढिगाखाली मला वाटलं, राहिलं थोडक्यात. खरंच पोचलो होतो ना मी?"

क्लीव्हने तोंड उघडलं. चाळीस वर्षं डीकन असलेला माणूस, त्याच्याच्याने खोटं निघेना आणि खरंही निघेना. त्याने लेमकडे पाहिलं. "चिमटा यांच्याकडे होता. यांना विचार."

पोराचे डोळे लेमवर. लेमने जन्मात कुणाचा एक गॅलन माफ केला नव्हता.

"दोन बोटं पुढे होतास," तो म्हणाला. "मी स्वतः पाहिलं."

"मग झालं!" जमारी हसला. "आजोबा म्हणतात, तुम्ही तर देवाचं मापही तपासून घ्याल. तुम्ही म्हणताय म्हणजे पक्कं."

तो पिशवी मागे टाकून गाडीत चढला. क्लीव्हने आपली नारिंगी बंडी काढली, घडी घातली आणि लेमच्या हातात दिली.

"ही हॅडॉकला नेऊन दे," तो म्हणाला. "आणि घरी चालत जा, लेम. आज मला पोराशी बोलायचंय, आणि तू मागे बसलेला असताना मला ते जमणार नाही."